विद्यापीठ नवं, दप्तर जुनं : साताऱ्यात शिक्षणाचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी

एम.ए.ला असलेल्या ओळखीतल्या एका मुलीनं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाच्या इतिहासावर प्रबंधिका लिहायचं ठरवलं, तेव्हा तिच्या मैत्रिणीनं लगेच विचारलं, "चार-पाच वर्षांच्या विद्यापीठाला कसला आलाय इतिहास?" प्रश्न रास्त होता. विद्यापीठ २०२१ मध्ये स्थापन झालं. रयत शिक्षण संस्थेची साताऱ्यातली तीन कॉलेजं, म्हणजे छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज, एकत्र आणून हे समूह विद्यापीठ उभं केलं. पण त्यातलं शिवाजी कॉलेज १९४७ चं. ते काढणारी संस्था ४ ऑक्टोबर १९१९ ला, विजयादशमीच्या दिवशी, कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी निघालेली. तिचं मुख्य ठाणं १९२४ मध्ये साताऱ्याला आलं आणि त्याच वर्षी इथं सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू झालं. म्हणजे शिक्का कालचा आणि दप्तर शंभर वर्षांचं.

तिनं मला विचारलं, "सर, सुरुवात कुठून करू?" तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो. सांगलीकरांनाही ते उपयोगी पडेल. विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ चं. रीत तीच, फक्त कागदांचे पत्ते वेगळे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे बहुतेक जुन्या कॉलेजांत 'अभिलेखागार' अशी पाटी लावलेली, पंखा-टेबल-खुर्ची असलेली खोली नसते. असतं ते जिन्याखालचं कपाट, ग्रंथालयातला 'दुर्मिळ' लिहिलेला रॅक, ऑफिसमागची रेकॉर्ड रूम आणि हेडक्लार्कच्या डोक्यातला नकाशा. म्हणून "अभिलेखागार कुठंय?" असं विचारत फिरू नका. स्वतःला विचारा, मला हवी ती गोष्ट त्या काळी कुणाला लिहून ठेवावी लागली असेल, आणि ती कुणाला कळवावी लागली असेल? कागद दोन टोकांचा असतो. एका टोकाला वाळवी लागली असली तरी दुसऱ्या टोकाला तो सुखरूप असू शकतो.

आधी प्रश्न बारीक करा

'शिवाजी कॉलेजचा इतिहास' या नावाखाली शोधायला गेलात तर पंधरा दिवसांत दमाल. ग्रंथपालांनाही तुम्हाला नक्की काय काढून द्यावं ते कळत नाही. त्या मुलीचा प्रश्न आम्ही असा छोटा केला: १९४७ ते १९५७ या दहा वर्षांत इथं शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलाचा महिन्याचा खर्च किती यायचा आणि तो कोण भरायचं? एवढं ठरल्यावर कागद आपोआप समोर येतात. बोर्डिंगची रोजकीर्द (म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही), फी-माफीचे अर्ज, 'कमवा आणि शिका' योजनेतली कामाची हजेरी, शिष्यवृत्तीच्या याद्या, प्रॉस्पेक्टसमधलं फीचं पान. १९५७ ला थांबण्याचं कारण हिशेबी आहे, ते पुढं येईल.

मग साखळी मांडा

एका कोऱ्या कागदावर कॉलेज कोणकोणत्या विद्यापीठाला जोडलेलं होतं ते लिहा. ही पायरी सगळे टाळतात आणि मग कोल्हापुरात जाऊन १९४८ चे निकाल मागतात.

शिवाजी कॉलेज जून १९४७ ला निघालं तेव्हा विद्यापीठ मुंबईचं होतं. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं आणि आपला भाग तिकडं गेला. १८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापुरात राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं, तिथून पुढची जवळजवळ साठ वर्षं कोल्हापूर. त्यानंतर २०२१ पासून स्वतःचं विद्यापीठ. म्हणजे एकाच इमारतीत, कदाचित एकाच बाकावर बसलेल्या मुलांच्या पदव्या चार विद्यापीठांच्या. मान्यतेचा पत्रव्यवहार, तपासणी समित्यांचे अहवाल, परीक्षेचे निकाल या चार ठिकाणी विखुरले आहेत.

याच कागदावर जिल्ह्याचीही साखळी लिहा. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. सांगलीच्या कॉलेजवर काम करणाऱ्यानं १९५५ च्या सरकारी यादीत 'सांगली जिल्हा' शोधला तर काही सापडणार नाही, आणि "कागद नाहीत" असं समजून तो परत येईल. त्याआधी सांगली, मिरज, औंध, फलटण ही संस्थानं होती. तेव्हा एखादं गाव आज साताऱ्यात असलं तरी १९४० मध्ये ते कुणाच्या राज्यात होतं हे पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नका.

छापलेलं सगळं आधी वाचा

हस्तलिखित कागदाचा मोह मोठा असतो. जुनी शाई, शिक्के, कुणाची तरी सही. पण आधी ग्रंथालयात बसून छापील साहित्य संपवा. कॉलेजचे वार्षिक अंक, प्रॉस्पेक्टस, संस्थेचे वार्षिक अहवाल, विद्यापीठांची कॅलेंडरं. मुंबई विद्यापीठाच्या कॅलेंडरांत संलग्न कॉलेजांच्या याद्या असतात. त्या जुन्या असल्या तरी वाचायला सोप्या आहेत.

वार्षिक अंकात लोक कविता आणि प्राचार्यांचं मनोगत वाचतात. मी मागची पानं आधी वाचतो. जिमखान्याचा अहवाल, वादविवाद मंडळाचे विषय, सेवकवर्गाची यादी, निकालाचे आकडे आणि जाहिराती. गावातल्या कुठल्या कापड दुकानदारानं, कुठल्या छापखान्यानं जाहिरात दिली आहे यावरून कॉलेजचे हितचिंतक कोण होते ते समजतं. वादविवादाचे विषय सलग दहा वर्षांचे लिहून काढा, त्या पिढीला काय टोचत होतं ते कुठल्याही भाषणापेक्षा नीट दिसेल.

रौप्यमहोत्सवी आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका जरूर वाचा, पण सांभाळून. स्मरणिका सत्कारासाठी लिहिलेली असते. तिच्यात भांडणं नसतात, राजीनामे नसतात, बंद पडलेला कोर्स नसतो. तिच्यातल्या प्रत्येक तारखेसमोर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह घाला आणि ती तारीख दुसऱ्या कागदात भेटेपर्यंत खोडू नका. बोर्डिंगचं घ्या. 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं त्याचं नामकरण महात्मा गांधींच्या हस्ते २५ फेब्रुवारी १९२७ ला झालं. अशी तारीख पडताळायला गांधीजींच्या संकलित वाङ्मयाचे १०० खंड आहेत. गांधी त्या दिवशी कुठं होते, तिथं काय बोलले, हे त्या महिन्याच्या खंडात पाहता येतं. मोठा माणूस गावात येऊन गेला असेल तर त्याच्या बाजूचाही कागद असतो, हे विसरू नका.

अर्ज, आणि अर्जाच्या पलीकडची माणसं

मूळ दप्तर पाहायला लेखी परवानगी लागते. कॉलेजचं दप्तर असेल तर प्राचार्यांच्या नावे, संस्थेचं असेल तर सचिवांच्या नावे. अर्ज एका पानाचा असावा. 'आपल्या संस्थेच्या गौरवशाली परंपरेचा अभ्यास' असली वाक्यं लिहू नका, त्यातून कुणालाच काही कळत नाही. साधारण असं लिहा:

"मी अमुक विभागात एम.ए. भाग २ चा विद्यार्थी आहे. १९४७ ते १९५७ या काळातील वसतिगृहातील विद्यार्थ्यांच्या खर्चाचा अभ्यास करत आहे. त्यासाठी त्या काळातील वसतिगृहाची रोजकीर्द व खतावणी, फी-माफीची नोंदवही आणि प्रॉस्पेक्टस पाहण्याची परवानगी मिळावी. कागद कार्यालयाबाहेर नेणार नाही. हयात व्यक्तींची वैयक्तिक माहिती प्रसिद्ध करणार नाही. काम पूर्ण झाल्यावर लेखनाची एक प्रत ग्रंथालयास देईन. सोबत मार्गदर्शकांचे पत्र जोडले आहे."

दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. अर्ज दिल्या दिवशी दप्तर मिळेल अशी आशा धरू नका.

वेळेचं म्हणाल तर जून-जुलै प्रवेशाचा गोंधळ, मार्च-एप्रिल परीक्षा, आणि नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, समिती यायची असेल तेव्हा तर ऑफिसच्या दारातही उभं राहू नका. नॅकवरून आठवलं. एका कॉलेजात समिती येणार म्हणून रेकॉर्ड रूमची 'स्वच्छता' झाली आणि जुन्या अंकांचे गठ्ठे रद्दीत गेले. मी पोचलो तेव्हा टेम्पो नुकताच सुटला होता. म्हणून कुठं साफसफाई होणार अशी कुणकुण लागली, तर अर्जाची वाट न बघता आधी जाऊन ग्रंथपालांना भेटा. साताऱ्याचा पावसाळाही लक्षात घ्या. ओल धरलेलं रजिस्टर ऑगस्टमध्ये उलगडलं तर पानं एकमेकांना चिकटून फाटतात. दिवाळी ते फेब्रुवारी हा चांगला काळ.

आता माणसं. तुम्ही "जुनं जनरल रजिस्टर", म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, "बघायचंय" म्हटलंत की समोरचे भाऊसाहेब गृहीत धरतात की तुम्ही जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद शोधताय. त्यांचं चुकत नाही. ओबीसींच्या पडताळणीला १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात राज्यभरातली शाळांची रजिस्टरं पुन्हा पुन्हा उघडली गेली. त्यामुळे रजिस्टरं कडीकुलपात असतात, आणि याच कारणानं ती जपलीही गेली आहेत. तुम्ही कुणा एकाची नोंद शोधत नसून वर्षाची बेरीज करताय, हे शांतपणे समजावून सांगा. आणि रेकॉर्ड रूमची किल्ली ज्या शिपाईमामांकडं असते त्यांच्याशी चहा घ्या. कुठलं कपाट १९८० च्या दशकात कुठून कुठं हललं, हे कुठल्याच यादीत नसतं, ते मामांना माहीत असतं.

माहिती अधिकाराचा रस्ता आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो, प्रतीला पानामागं दोन रुपये पडतात. पण पहिलं पाऊल म्हणून तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. माहिती अधिकारात नेमका कागद मागावा लागतो, आणि तुम्हाला तर कोणते कागद आहेत हेच अजून माहीत नसतं. शिवाय एकदा ऑफिसशी कागदी लढाई सुरू झाली की मामांचा चहा बंद.

दप्तर समोर आल्यावर

वही, शिसपेन्सिल, मास्क, मऊ ब्रश आणि मोबाईल. शाईपेन, पाण्याची बाटली आणि वडापाव पिशवीत. हात धुऊन कोरडे करा. हातमोजे फक्त फोटोंसाठी. कागदासाठी घातले तर बोटांना पानाची कड कळत नाही आणि पान फाटतं. फ्लॅश बंद. गंजलेली टाचणी उपटू नका, दाखवून काढून घ्या. बस्ता, म्हणजे कागदांचा गठ्ठा, ज्या क्रमानं बांधलेला होता त्याच क्रमानं परत बांधा, क्रम विचित्र वाटला तरीही. तो क्रम लावणाऱ्या कारकुनाला त्यामागचं कारण माहीत होतं.

फोटो काढायच्या आधी प्रत्येक रजिस्टरचं मुखपृष्ठ टिपा, आणि सोबत एका चिठ्ठीवर ठिकाण, कपाट, तारीख लिहून तिचाही फोटो घ्या. मी सुरुवातीला एका वसतिगृहाच्या हिशेबाची दोनशे पानं एका दुपारी धडाधड टिपली आणि घरी आल्यावर कळलं की कुठलं पान कुठल्या वहीतलं ते सांगताच येत नाही. तीन वह्या, एकच अक्षर, वर्षाचा उल्लेख फक्त पहिल्या पानावर. सगळं काम पुन्हा करावं लागलं, आणि दुसऱ्या खेपेला परवानगी मिळायला चार महिने गेले.

काय काय मागायचं, ते त्याच्या ऑफिसातल्या नावानं मागा. मुलांची हजेरी म्हणजे 'कॅटलॉग'. सभांचं इतिवृत्त म्हणजे 'प्रोसिडिंग बुक'. सामानाची नोंद 'डेड स्टॉक रजिस्टर'. पत्रांची 'आवक-जावक'. शेवटचं रजिस्टर नवखे लोक मागतच नाहीत, आणि माझ्या मते ते सर्वांत मोलाचं. पत्र हरवलं तरी जावक रजिस्टरात त्याची एक ओळ उरते: क्रमांक, तारीख, कुणाला, विषय. त्या ओळीवरून मूळ पत्र समोरच्या कार्यालयात शोधता येतं. डेड स्टॉकही कोरडा वाटतो, पण प्रयोगशाळेतला पहिला सूक्ष्मदर्शक कधी आला, कितीला आला, हे तिथंच सापडतं.

रयतच्या कागदांत 'अण्णा' आले की ते बहुधा संस्थेचे संस्थापक भाऊराव आणि 'वहिनी' म्हणजे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, हे ध्यानात असू द्या. 'बहुधा' म्हणतो, कारण साताऱ्यात दर चौथ्या घरात एक अण्णा असतात. १९२० च्या दशकातले हिशेब मोडी लिपीत असू शकतात. मोडी शिकायला घाबरू नका. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, आणि हिशेबाची मोडी पत्रांच्या मोडीपेक्षा सोपी, कारण तेच तेच शब्द पुन्हा येतात.

रजिस्टरातली एक ओळ

जनरल रजिस्टर कसं वाचायचं हे समजायला साताऱ्याइतकं चांगलं गाव नाही. जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कूलच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव आहे. प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००, इयत्ता इंग्रजी पहिली. (१९१४ हा नोंदीचा क्रमांक आहे, साल नाही. गोंधळलेले लोक मी पाहिले आहेत.) या एका ओळीवरून राज्य सरकारनं २०१७ मध्ये ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' ठरवला.

अशा रजिस्टरात सहसा नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण असे रकाने असतात. प्रसिद्ध ओळीवरून बोट उचला आणि तिच्या वरच्या-खालच्या पन्नास ओळी वाचा. कुणाचे वडील पलटणीतले, कुणाचे वकील, कोण कुठल्या गावाहून आलं, कोण दोन वर्षांत शाळा सोडून गेलं. 'कारण' या रकान्यात 'गैरहजर' लिहिलेलं दिसलं तर तारीख पाहा. ती सुगीच्या दिवसांतली आहे का, प्लेगच्या साथीतली आहे का? जन्मतारखांवर मात्र फार विसंबू नका. जूनच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्या मुलांची आपल्याकडच्या रजिस्टरांतली संख्या पाहिली तर महाराष्ट्रात बाकी वर्षभर कुणी जन्मतच नसे असं वाटेल.

हिशेबाचं पान

शिवाजी कॉलेजच्या प्रश्नासाठी हिशेब वाचावेच लागतात, आणि नवखा माणूस इथंच अडकतो. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे १२ पै, म्हणजे रुपयाचे १९२ पै. म्हणूनच तिची मुदत १९५७ ला थांबवली. दोन्ही पद्धती एका तक्त्यात आल्या की बेरजा चुकतात.

उदाहरणासाठी मीच एक ओळ बनवून देतो: "ज्वारी पायली २०, ६-१०-८." हे सहा रुपये, दहा आणे, आठ पै. सगळे पै करा: ६ गुणिले १९२ म्हणजे ११५२, अधिक १० गुणिले १२ म्हणजे १२०, अधिक ८. एकूण १२८० पै. भागिले २०, पायलीला ६४ पै. म्हणजे पाच आणे चार पै, रुपयाचा बरोबर तिसरा हिस्सा. असं सगळं आधी पैमध्ये आणा, मग बेरीज-भागाकार करा. ६-१०-८ ला घाईत सहा रुपये दहा पैसे समजून एक्सेलमध्ये भरणारे कमी नाहीत.

मापांचा घोळ याहून मोठा. चार शेरांची पायली, चाळीस शेरांचा मण हे पाठ असलं तरी शेर मापाचा की वजनाचा ते पाहावं लागतं, आणि भागाभागात फरक पडतो. पायलीचे किलो करायचा हट्ट धरू नका. त्याच वहीतले भाव एकमेकांशी ताडले तर चुकायची भीती कमी.

हिशेबात जेवणाऱ्यांची रोजची संख्या लिहिली असेल तर ती आधी उतरवून घ्या. सुट्टीतही ती शून्यावर आली नाही तर घरी न जाता राबणारी मुलं किती होती हे त्यातून कळतं. फीसाठी काम करणाऱ्या मुलांबद्दल भाषणं पुष्कळ झाली आहेत. कुणी किती तास, कुठल्या बांधकामावर, किती आण्यांनी काम केलं हे कामाच्या हजेरीत मिळालं तर तुमच्या लेखनाला त्यापेक्षा जास्त काही लागणार नाही.

एकाच घटनेचे चार कागद

गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांचं मुंबई सरकारशी बिनसलं आणि रयतच्या शाळांचं सरकारी अनुदान थांबलं. तेव्हा मुख्यमंत्री बाळासाहेब खेर होते. ही गोष्ट साताऱ्यात सगळ्यांना ऐकून माहीत असते, पण ऐकीव गोष्टीत तारखा नसतात. ती दप्तरात कशी शोधायची?

संस्थेच्या प्रोसिडिंगमध्ये त्या महिन्यांतले ठराव पाहा: पगार कसे भागवायचे, कर्ज, देणग्या. मुंबईच्या पुराभिलेखागारात शिक्षण खात्याच्या फायली असतात, तिथं सरकारची बाजू. मुंबई विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील अहवाल आहेत, तिथं आमदारांनी विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं. आणि चौथं म्हणजे त्या काळची वर्तमानपत्रं. साताऱ्याचा 'ऐक्य', पुण्याचे 'केसरी' आणि 'ज्ञानप्रकाश'. प्रत्येकाचा कल वेगळा, म्हणून एकावर थांबू नका. चारही कागदांतल्या तारखा एकाखाली एक लिहा. ठराव आधी की सरकारी पत्र आधी, एवढं पाहिलं तरी ऐकलेल्या गोष्टीचा क्रम बदलू शकतो. शक्य असेल तर पाचवा कागद म्हणून एखाद्या शाळेची त्या वर्षीची पगारपत्रकं मागा. अनुदान थांबल्याची झळ मास्तरांच्या सहीच्या तारखेत दिसेल.

याच वर्षाबद्दल आणखी एक जपून सांगतो. १९४८ च्या जाळपोळीत दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली खासगी दप्तरं राख झाली. एखाद्या जुन्या प्राध्यापकाच्या किंवा देणगीदाराच्या घरी "काहीच नाही हो उरलं" असं ऐकू आलं तर तिथंच थांबा, खोदून विचारू नका.

गावाबाहेरचे पत्ते

कोल्हापूर जवळचं, तिथून सुरुवात करा. शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात विद्यापीठाचं छापील साहित्य आहे. पहिले कुलगुरू अप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार, ताराबाईकालीन कागदपत्रांचे संपादक. शिवाजी कॉलेजचे प्राचार्य राहिलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढं याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तेव्हा साताऱ्याचा धागा तिथंही सापडेल. शहरात राज्य पुराभिलेख खात्याची शाखा वेगळी आहे, तिच्याकडं मुख्यतः करवीर संस्थानचं दप्तर. दोन्हींची गल्लत करू नका.

पुण्यात विद्यापीठ आणि पुराभिलेखागार. विलिंग्डनवाल्यांनी तर आधी पुणंच गाठावं, कारण ते कॉलेज काढणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी पुण्याची. सांगलीत महापुरांनी ग्रंथालयांची बरीच पुस्तकं खाल्ली आहेत, तेव्हा पुण्यातली दुसरी प्रत हाच तिथं आधार ठरतो. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, त्याची मुळं १८२१ पर्यंत जातात. शिक्षण संचालकांचे जुने वार्षिक अहवाल तिथं मिळतात. जायच्या आधी विद्यापीठाचं ओळखपत्र, आधार आणि मार्गदर्शकांचं पत्र घ्या, आणि निदान चार दिवस काढून जा. पहिला दिवस नोंदणीत आणि याद्या चाळण्यातच जातो.

साताऱ्याचे कागद साताऱ्यातच असतील हा समज सोडा. इतिहाससंशोधक पारसनीसांनी जमवलेला मोठा संग्रह इथल्या संग्रहालयात होता, तो १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. आपल्या गावचं शोधायला पुण्याची एसटी पकडावी लागते, याला इलाज नाही.

फोटो आणि माणसं

ग्रुप फोटोत आधी मागची बाजू पाहा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेली नावं, साल. मग फोटोची प्रत घेऊन माजी विद्यार्थ्यांकडं जा. "तुमच्या वेळी कसं होतं?" असं विचारलं की सगळे तेच सांगतात, हल्लीच्या मुलांना काही किंमत नाही. फोटो, प्रॉस्पेक्टसचं पान, नाहीतर हिशेबातली ज्वारीची ओळ समोर ठेवा. मग "ही भिंत आम्ही बांधली, आणि हा जो कडेला उभाय ना, तो चुना मळायला सगळ्यात आळशी" अशी खरी माहिती येते. रेकॉर्ड करायच्या आधी परवानगी घ्या. हयात माणसाची जात, गुण, फी-माफीचा अर्ज यातलं काहीही नावासकट छापू नका. फी-माफीच्या अर्जात वडिलांनी घरची गरिबी लिहिलेली असते. आज नातू डॉक्टर असला तरी ती चारचौघांत आलेली त्याला आवडेलच असं नाही.

शेवटचं काम कुणी करत नाही, तुम्ही करा. काय काय पाहिलं त्याची यादी बनवा: कुठलं कपाट, कुठली वही, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, अवस्था कशी, कुठली पानं गायब. विद्यापीठाला उद्या स्वतःचं अभिलेखागार करायचं झालं तर तिथं पहिली वही हीच लागेल. यादीच्या दोन प्रती काढा. एक ग्रंथपालांना सही घेऊन द्या. दुसरी मामांच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगा, कारण पुढच्या वेळी पहिली सापडणार नाही.